ठाणे–नवी मुंबईतलं जुनं घर, आपल्या हातानं नवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळच्या एका जुन्या सिडको इमारतीत आम्ही राहतो. त्याआधी पाच वर्षं कळव्यात भाड्यानं होतो. दोन्ही घरांत रंग, पडदे, फळ्या, जुन्या लाकडाचं पॉलिश ही कामं मी स्वतः केली आणि अजूनही करते. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातल्या मैत्रिणी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे सारखी येणार आहे. आपण खाडीकाठची माणसं. आपल्याकडे घर आधी कोरडं करायचं, मग त्यात उजेड आणायचा, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा.

सुरुवात नेमकी कुठून करू?

रिकामं करण्यापासून. एक खोली निवडा, तिच्यातलं हलवता येईल ते सगळं दुसऱ्या खोलीत न्या आणि भिंती, छत, खिडकीची चौकट, फरशी दिवसाउजेडी बघा. कपाटामागची भिंत तर आपण वर्षानुवर्षं बघितलेलीच नसते. मग छतापासून खाली झाडून घ्या, पंख्याची पाती पुसा, स्विचबोर्ड मेन बंद करून कोरड्या फडक्यानं पुसा, खिडकीच्या काचा आणि स्लायडिंगच्या खाचा जुन्या टूथब्रशनं साफ करा. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना तर मेट्रोच्या कामाची धूळ किती बसते ते सांगायला नको. काच आणि दिवे धुतल्यावर खोली किती उजळते ते बघूनच पुढचं ठरवा. माझ्या नणंदेनं हॉल रंगवायचा बेत केला होता. साफसफाई झाल्यावर तिच्या लक्षात आलं की एकच भिंत रंगवली तरी पुरे.

भिंतीला ओल आहे. ओल थांबवणारा रंग लावला तर चालेल का?

ओल येते कुठून हे कळल्याशिवाय काहीही लावू नका. मी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

घरच्या घरी करायची एक तपासणी आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या ओलसर जागी ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा आहे. त्याला खिडकी उघडी ठेवणं, एक्झॉस्ट लावणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, एवढाच उपाय पुष्कळदा पुरतो.

पाणी भिंतीतून येत असेल तर जागा बघा. खिडकीखाली किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि फक्त पावसाळ्यात असेल, तर बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीची फट उघडी आहे. बाराही महिने असेल आणि पलीकडे मोरी किंवा संडास असेल तर नळाचा पाइप किंवा फरशीचे सांधे तपासायला हवेत. छताला असेल तर वरच्या घराशी, किंवा वर गच्ची असेल तर सोसायटीशी बोला. बाहेरची भिंत, गच्ची आणि सामाईक पाइप यांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम असतं. आपल्याच मोरीची गळती आपल्याला करून घ्यावी लागते. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि पोच घ्या.

भिंतीवर पांढरी, मिठासारखी पावडर येते त्याला लोणा म्हणतात. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तो ओल्या फडक्यानं पुसू नका, पुसला की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा आणि गोळा करून टाका. काळी-हिरवी बुरशी वेगळी. तिच्यासाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी लावा, काही तास राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं पुसून भिंत पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो.

गणपती आलेत, त्याआधी भिंतींना रंग द्यायचाय. देऊ का?

हा प्रश्न दर वर्षी श्रावणात येतो आणि विचारणाऱ्याचं मन मोडायचं माझ्या जीवावर येतं. पण नका देऊ. आम्हीही नेरुळला आल्यावर पहिल्याच वर्षी गणपतीआधी मखराच्या मागची भिंत रंगवली होती. पाच दिवस सुरेख दिसली. नवरात्रात तिला फोड आले आणि दिवाळीत मी पत्र्यानं खरवडताना पापुद्रे फरशीवर पडत होते, आतून ओले. पुट्टी, प्रायमर, रंग, दोन रविवार, सगळं गेलं.

जून ते सप्टेंबर भिंत पाणी पीत असते. रंगाचा थर बसला की ते पाणी अडकतं आणि बाहेर पडताना थर उचलून आणतं. ऑक्टोबरच्या उन्हात भिंतीला तीन-चार आठवडे सुकू द्या, मग कामाला लागा. दिवाळी लवकर असेल तर दिवाळीनंतर करा. थंडीचे महिने आपल्याकडे रंगकामाला सर्वांत चांगले. गणपतीला मखरामागे सुती साडी किंवा जुना बेडकव्हर चुण्या घालून लावा. ठाण्यात जांभळी नाक्याला सजावटीचं कापड आणि फुलांच्या माळा हव्या तेवढ्या मिळतात. भिंतीला हात लावू नका.

एका खोलीला रंग किती लागतो आणि काम कसं करायचं?

हिशेब करून बघू. खोली १० बाय १२ फूट, उंची ९ फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दार आणि खिडकी मिळून साधारण ४० वजा करा. राहिले ३५० च्या आसपास. चांगल्या इमल्शनचे दोन हात द्यायचे तर एका लिटरमध्ये साधारण ६० चौरस फूट होतात. म्हणजे सहा लिटर. छत १२० चौरस फुटांचं, त्याला दोन लिटर वेगळे. नक्की आकडा डब्यावर लिहिलेला असतो, तो वाचा. रंग मशीनवर मिसळून घेणार असाल तर सगळा एकदम घ्या. पुन्हा आणायला गेलं की छटा थोडी वेगळी येऊ शकते आणि ती नेमकी भिंतीच्या मध्यावर दिसते.

आता काम. जुना रंग हातानं घासा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो डिस्टेंपर किंवा चुना आहे, आणि तो पत्र्यानं खरवडूनच काढावा लागेल. भुकटी येत नसेल तर पॉलिश पेपर मारून धूळ पुसली की पुरे. खिळ्यांची भोकं आणि पोपडे निघालेल्या जागा व्हाइट सिमेंटच्या पुट्टीनं भरा. पुट्टी श्रीखंडाएवढी घट्ट हवी, गुठळी नको. भिजवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपेल एवढीच करा, कारण ती घट्ट होऊ लागल्यावर पाणी घालून सैल केली तर नंतर भुगा होऊन पडते. जाड थर एकदम देऊ नका, दोन पातळ द्या. दुसऱ्या दिवशी १८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते.

दिव्याची युक्ती मला एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं शिकवली. रात्री खोलीतले दिवे बंद करायचे आणि मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. प्रत्येक खड्डा आणि फुगवटा सावली टाकतो. तिथे पेन्सिलीनं गोल करायचा आणि सकाळी तेवढंच घासायचं.

त्यावर प्रायमर, मग रंगाचा पहिला हात, चार-सहा तासांनी दुसरा. कोपरे, छताची कड आणि स्विचबोर्डाच्या बाजू आधी ब्रशनं घ्या, आणि ती कड ओली असतानाच रोलर फिरवा. कड वाळली की तिथे पट्टा दिसतो. एका माणसाला एक खोली म्हणजे तीन दिवस धरा. शनिवार-रविवारात संपेल असं घरच्यांना सांगू नका.

घर जुनं आहे, बाळ लहान आहे. जुना ऑइलपेंट घासला तर चालेल का?

कोरडा घासू नका. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नसावं असा नियम लागू आहे. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरून चाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. रंग घट्ट असेल तर न घासता साबणाच्या पाण्यानं धुवून त्यावर नवा हात द्या. घासायलाच लागला तर पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं घासा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. त्या दिवशी बाळ आणि गरोदर बाई दुसरीकडे राहतील असं बघा.

लहान खोलीला कोणता रंग?

उत्तरेकडच्या, कमी उजेडाच्या खोलीला साय किंवा फिकट पिवळ्याकडे झुकणारा. पश्चिमेचं ऊन येणाऱ्या खोलीला फिकट हिरवा किंवा राखाडी. छत पांढरंच ठेवा. छोट्या कार्डावर बघून ठरवू नका. लहान डबा आणून दोन फूट बाय दोन फूट रंगवा आणि सकाळ, दुपार, रात्र बघा.

घर भाड्याचं आहे, अकरा महिन्यांचा करार आहे. मी काय करू शकते?

पुष्कळ काही. कळव्याच्या घरात आम्ही एकही भोक पाडलं नव्हतं. पडदे, दिवे, गालिचा, झाडं, फर्निचरची जागा, हे सगळं बरोबर नेता येतं, म्हणून पैसे तिथे घाला. चिकटवायचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीला धरत नाहीत, आणि पावसाळ्यात तर नाहीच. गुळगुळीत टाइल, काच, सनमायका यांवर ते नीट बसतात. उंच फळ्यांऐवजी जमिनीवर उभं राहणारं लाकडी रॅक घ्या. भिंत रंगवायचीच असेल तर मालकांना आधी मेसेज करून लेखी होकार घ्या. पुष्कळ मालक रंगाचे पैसे देतात, मेहनत तुमची. आणि राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून त्यांना पाठवून ठेवा, डिपॉझिटच्या वेळी वाद होत नाही.

जुन्या साड्यांचे पडदे खरंच चांगले होतात का?

माझ्या घरातले सगळे पडदे तेच आहेत. साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. खिडकी पाच फूट रुंद आणि चार फूट उंच धरा. दांडी खिडकीच्या सहा इंच वर आणि पडदा सहा इंच खाली येणारा, म्हणजे तयार लांबी पाच फूट. वरची खोळ आणि खालची दुमड यांना मिळून एक फूट. सहा फुटांचे तीन तुकडे एका साडीत बरोबर निघतात. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, तीन तुकड्यांचे १३५ इंच झाले, आणि ६० इंचांच्या खिडकीला दुप्पट कापड लागतं. चुण्या छान पडतात.

आधी फॉल उसवा, साडी धुवून इस्त्री करा, मग कापा. मशीन नसेल तर हातानं धावदोरा घाला, दोन संध्याकाळी लागतात. पदराचा तुकडा मधोमध लावा. आईची एक मळखाऊ रंगाची इरकल होती, काठ झिजलेले, नेसण्यासारखी राहिली नव्हती. ती आता बेडरूमच्या खिडकीला आहे. सकाळी उन्हात तिचा पदर पेटल्यासारखा लाल दिसतो आणि आई आली की आधी तिथे जाऊन उभी राहते. ऊन थेट येत असेल तर मागे जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा, नाहीतर सुती कापड दोन वर्षांत विरतं. नवं कापड घ्यायचंच असेल तर भिवंडी जवळ आहे.

भिंतीत ड्रिल करायची भीती वाटते. कुठे करू, कुठे नको?

भीती योग्य आहे, कारण आत वायरी आणि पाइप असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच नको, वायर तिथूनच जाते. नळाच्या वर-खाली आणि मोरीच्या भिंतीच्या मागच्या बाजूलाही नको. खांब आणि बीम सोडून द्या.

भोकातून पडणारी भुकटी बघत जा. पहिला अर्धा-पाऊण इंच करडी भुकटी येते, ते प्लास्टर. त्यानंतर लाल आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिल पुढे सरकत नसेल तर काँक्रीट, तिथे थांबा. ड्रिल लोण्यात घुसल्यासारखा गेला आणि भुकटी पांढरट असेल तर हलके ब्लॉक. नव्या टॉवरांमध्ये हे ब्लॉक असतात आणि त्यांना साधी गिट्टी, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरणारा तुकडा, धरत नाही, त्यांच्यासाठीची लांब गिट्टी मागून घ्या.

विटेच्या भिंतीला ६ मिलिमीटरचं बिट आणि त्याच मापाची गिट्टी घरगुती फळीला चालते. बिटवर ४० मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळा म्हणजे खोली कळेल. गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत बसायला हवी. नुसत्या प्लास्टरमधली गिट्टी फळीसकट खाली येते. ड्रिल विकत घेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानात किंवा इमारतीत कुणाकडे तरी असतोच. आणि दुपारी दोन ते चार ड्रिल लावू नका, सोसायटीचा नियम असो वा नसो. वरच्या मजल्यावर कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं.

आजोबांची सागवानी खुर्ची आहे, काळी पडली आहे. टाकून देऊ का?

कृपा करून टाकू नका. सागवानाचा भाव विचारून या म्हणजे कळेल. आधी वाळवी किंवा भुंग्याची बारीक भोकं आहेत का बघा. ताजी भुकटी पडत असेल तर आधी कीड मारायचं औषध करा. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात करून १८० आणि शेवटी ३२० नंबरनं घासा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलेले ओरखडे पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात.

पॉलिशला चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरीटमध्ये रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून घ्या. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करा, चपडीत बुडवून पिळा आणि न थांबता एका दिशेनं फिरवा. एकाच जागी बोळा ठेवला की खालचा थर सुटतो. पातळ पाच-सहा हात द्या, मध्ये वाळू द्या. गॅस किंवा उदबत्ती जवळपास पेटलेली नको, स्पिरीट लगेच पेट घेतं. पावसाळ्यात हे काम करूच नका, हवेतल्या ओलीनं चपडीवर पांढुरकी झाक येते. चपडीवर गरम कपाचा डागही उठतो, म्हणून टीपॉयला दुसरं पॉलिश घ्या. खुर्चीला, दिवाणाला, देव्हाऱ्याला मात्र चपडीसारखी झळाळी दुसऱ्या कशाला नाही.

लोखंडी कपाट गंजलंय.

गंज लोखंडी ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावा, दुसऱ्या दिवशी इनॅमलचे दोन पातळ हात. पायांखाली रबराचे तुकडे द्या, फरशी पुसताना पाणी तिथेच साचतं आणि गंज तिथूनच चढतो.

स्वयंपाकघर दोन-तीन हजारांत बदलेल का?

दिसायला नक्की बदलेल. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून टाइल्स आणि कपाटांची दारं पुसा, फोडण्यांचा चिकटा निघाला की अर्धं काम झालं. दारांच्या मुठी बदला. जुन्या मुठीच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून त्याच मापाच्या आणा म्हणजे नवी भोकं पाडायला नकोत. लोंबणाऱ्या दारांचे बिजागरीचे स्क्रू आवळा. ओट्याखाली बॅटरीवरचा छोटा दिवा लावा. टाइलवर चिकटवायचे प्लास्टिकचे स्टिकर शेगडीच्या मागे लावू नका. ते उष्णतेनं सुटतात आणि आगीचाही धोका आहे.

मोरीतले काळे सांधे?

पांढरे सांधे काळे पडले असतील तर आधी ब्रशनं घासून बघा. नाही निघाले तर वरचा थर टोकदार पत्र्यानं दोन-तीन मिलिमीटर खरवडा आणि नवं ग्राउट भरा. बेसिन आणि भिंतीमधली सिलिकॉनची पट्टी काळी पडली असेल तर तिच्यावर नवी पट्टी ओढू नका. जुनी कापून काढा, जागा पुसून पूर्ण कोरडी करा, दोन्ही बाजूंना टेप लावा, बुरशीरोधक सिलिकॉन भरा, बोटानं एकाच दमात ओढा आणि टेप लगेच काढा. २४ तास पाणी लागू देऊ नका. नळावरचे पांढरे क्षार लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं निघतात, पण हे पाणी संगमरवराला किंवा कडप्प्याला लागू देऊ नका, दगड खरवडल्यासारखा होतो. ठिबकणाऱ्या जुन्या नळाला बहुतेक वेळा नवा वायसर पुरतो.

एकच गोष्ट बदलायची असेल तर?

दिवे. बैठकीच्या आणि झोपायच्या खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० चा. ६५०० चा निळसर पांढरा दिवा घराला दवाखान्याची कळा आणतो. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. छताला एकच मोठा दिवा असण्यापेक्षा कोपऱ्यात एक आणि खुर्चीशेजारी एक असे दोन लहान बरे.

कोणती कामं स्वतः करू नयेत?

नवी वायरिंग, गॅसची नळी हलवणं, मोरीचं वॉटरप्रूफिंग, ग्रिलबाहेर वाकून करायचं काहीही, आणि कोणतीही भिंत तोडणं. अर्ध्या विटेची भिंतसुद्धा सोसायटी आणि इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. बल्ब किंवा स्विचची पट्टी बदलतानाही मेन बंद करून, टेस्टरनं बघून मगच हात लावा. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात आणि पावसाळ्यात हात-पाय ओले असतात.

उरलेला रंग आणि खरवडलेल्या पुट्टीचं काय करू?

रंग छोट्या काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा, वर खोली, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी डाग पडला की हाच रंग लागतो. जास्त उरला असेल तर सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनला किंवा बालवाडीला विचारा. मोरीत ओतू नका. प्लास्टरचे तुकडे गोणीत भरून पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला डेब्रिज कुठे द्यायचं ते विचारा. खाडीकाठी आणि तिवरांत ते ओतलेलं बघितलं की जीव तुटतो. भरतीचं पाणी थोपवणारी तीच झाडं आहेत, आणि त्यांच्याच मागे आपली घरं आहेत.